२८३३३०८३२४ ही संख्या खडू-फळ्यावर कशी उलगडायची?

प्रश्न (घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांचा): आठवीच्या पोट्ट्यांना गणित मंडळात २८३३३०८३२४ ही संख्या दिली आणि म्हटलं, हिच्याबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगा. ३६ ने, मग ७ ने आणि ११ ने भाग देत आम्ही १०२२११७ पर्यंत आलो आणि तिथं गाडी अडली. एक पोरगी म्हणते, ही मूळ संख्याच आहे. एक जण म्हणतो, दिलेल्या संख्येला १२१ ने भाग जातो. शेवटी ३२४ आहे म्हणून ती पूर्ण वर्ग असेल, असं तिसऱ्याचं म्हणणं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला, तर त्यात संख्या उणे १४६१६५८९७२ दिसली. संगणक न वापरता हे सगळं निकाली काढता येईल का?

उत्तर:

येईल, सर. आधी निकाल सांगून ठेवतो:

२८३३३०८३२४ = २ × २ × ३ × ३ × ७ × ११ × १००९ × १०१३

म्हणजे १०२२११७ मूळ नाही, १२१ ने भाग जात नाही आणि संख्या पूर्ण वर्गही नाही. एवढे मूळ अवयव हाती आले की विभाजक किती, त्यांची बेरीज किती, असे बाकीचे प्रश्न दोन-दोन ओळींत सुटतात. कस लागतो तो अवयव पाडताना, म्हणून जास्त जागा त्यालाच देतो.

भाच्याचं कोडं सगळ्यात सोपं. त्याने संख्या ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात ठेवली असणार. त्या खणात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. त्याच्या पुढची संख्या गुंडाळली जाते आणि तिच्यातून ४२९४९६७२९६ (२ चा ३२ वा घात) वजा झालेला दिसतो. २८३३३०८३२४ मधून तो वजा केला की बरोबर उणे १४६१६५८९७२ येतं. ६४ बिटांचा प्रकार घ्यायला सांगा, काम होईल. एक्सेलमध्ये हा त्रास दहा अंकांना होत नाही, पण पंधरा अंकांच्या पुढे शेवटचे अंक मुकाट्याने शून्य होतात, हे लक्षात असू द्या. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर तर ही संख्या लिहिताच येत नाही.

आता फळा. आपण ही संख्या २,८३,३३,०८,३२४ अशी लिहितो आणि २८३ कोटी ३३ लाख ८ हजार ३२४ अशी वाचतो. वाचायला हे ठीक. पण ७, ११, १३ च्या कसोटीसाठी उजवीकडून तीन-तीनचे गट लागतात: २ | ८३३ | ३०८ | ३२४. मुलं हमखास नेहमीच्या स्वल्पविरामांचेच गट धरतात, मग ३२४ − ८ + ३३ − ८३ + २ = २६८ येतं, त्याला ना ७ ने भाग जातो ना ११ ने, आणि दोन्ही अवयव हातचे निसटतात.

योग्य गटांनी करून पाहा: ३२४ − ३०८ + ८३३ − २ = ८४७. ही कसोटी चालते कारण १००१ = ७ × ११ × १३. हजार म्हणजे १००१ ला एक कमी, म्हणून हजाराच्या दर पायरीला चिन्ह उलटतं आणि गटांची वजा-अधिक बेरीज १००१ ने भागल्यावरची बाकी जपते. ८४७ ला ७ ने भाग जातो, ११ ने जातो, १३ ने जात नाही (१३ × ६५ = ८४५, बाकी २). एका बेरजेत तीन प्रश्न सुटले.

१२१ चा घोटाळा इथेच झाला असावा. ८४७ = ७ × १२१ हे खरं आहे, पण १००१ मध्ये ११ एकदाच आहे. म्हणून ही कसोटी ११ बद्दल बोलते, १२१ बद्दल काहीच सांगत नाही. उलट बाजूचं उदाहरण मुलांच्या घरातलंच आहे. एक एकर म्हणजे ४३५६० चौरस फूट. गट पाडा: ५६० − ४३ = ५१७ = ११ × ४७. ५१७ ला १२१ ने भाग जात नाही, तरीही ४३५६० = १२१ × ३६०. कारण मोजणीची गुंटर साखळी ६६ फुटांची आणि एकर म्हणजे दहा चौरस साखळ्या, ६६ × ६६ × १०, म्हणून ११ दोनदा आलाच. (जाता जाता: ४३५६० चे विभाजक ७२. भाऊ दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ कितीही असोत, एकराचे पूर्ण चौरस फुटांत सारखे वाटे पडतात. सात भाऊ असले तर पडत नाहीत.) तेव्हा ११ ने भाग गेला की प्रत्यक्ष भागाकार करायचा आणि आलेल्या उत्तराला ११ ची कसोटी पुन्हा लावायची. १२१ साठी दुसरा आडमार्ग शोधत बसू नये.

भागाकाराचा क्रमही महत्त्वाचा. सोपे अवयव आधी काढले की संख्या लवकर लहान होते आणि पुढच्या चुका कमी होतात. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो: ३१४८१२०३६. याची अंकबेरीज २८, म्हणून आता ३ उरलेला नाही. बेरीज ३६ आली म्हणून २७ ने भाग जाईल असं समजू नका. अंकबेरजेची कसोटी ९ पर्यंतच खरी, २७ साठी तिचा उपयोग नाही. शेवटचे दोन अंक ३६, म्हणून ४ ने भाग: ७८७०३००९. ही विषम, २ संपला. ७ ने भागून ११२४३२८७, ११ ने भागून १०२२११७. ११२४३२८७ साठी गट २८७ − २४३ + ११ = ५५, म्हणजे ७ दुसऱ्यांदा येत नाही. ही ओळ वहीत जपून ठेवा, पुढे लागेल.

१०२२११७ चे गट: ११७ − २२ + १ = ९६. ९६ ला ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही. इथेच कळलं की ११ एकदाच होता, १२१ चा दावा संपला. अंकबेरीज १४, म्हणून ३ नाही. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ नाहीत. ३७ साठी तेच तीन-तीनचे गट नुसते मिळवायचे, कारण ९९९ = २७ × ३७: १ + २२ + ११७ = १४०, आणि ३७ × ३ = १११, बाकी २९. नाही. १०१ साठी दोन-दोनचे गट आळीपाळीने: १७ − २१ + २ − १ = −३. नाही.

त्या मुलीचं म्हणणं इथवर पटण्यासारखं आहे. पण पाच-दहा मूळ संख्यांनी भाग गेला नाही म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ती मूळ म्हणायची तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. १०२२११७ चं वर्गमूळ १०११ ला किंचित कमी. तिथपर्यंत मूळ संख्या १६९ आहेत, हजाराच्या आतल्या १६८ आणि १००९. ओळीने भागत गेलं तर उत्तर शेवटच्या, १६९ व्या भागाकाराला मिळतं. याहून वाईट परिस्थिती असू शकत नाही. संख्या ज्याने निवडली त्याने मुद्दाम निवडली असावी!

म्हणून वाट बदलायची. विषम संख्येला दोन अवयव असतील तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते, कारण (क − ख) × (क + ख) म्हणजे क चा वर्ग वजा ख चा वर्ग. ही रीत फ्रेंच गणिती फर्माच्या नावाने ओळखली जाते, त्याने ती १६४३ च्या सुमारास पत्रातून मांडली. आपल्याकडे गणिती नारायण पंडिताने १३५६ मध्ये असेच अवयव पाडून दाखवले आहेत. कृती अशी: वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करा, उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का पाहा. नसेल तर पुढची संख्या घ्या.

१०११ चा वर्ग = १०२२१२१
१०२२१२१ − १०२२११७ = ४ = २ चा वर्ग
म्हणून १०२२११७ = (१०११ − २) × (१०११ + २) = १००९ × १०१३

पहिल्याच पायरीला उत्तर. भागाकाराच्या रीतीने जी सर्वांत त्रासदायक, तीच संख्या या रीतीने सर्वांत सोपी, कारण दोन्ही अवयव वर्गमुळाला चिकटलेले आहेत.

नेहमी इतकं सुरळीत होत नाही. १००७ घ्या. ३२ पासून सुरुवात: १७, मग ३३ ला ८२, ३४ ला १४९, ३५ ला २१८, ३६ ला २८९ = १७ चा वर्ग. १००७ = १९ × ५३, पाच पायऱ्या. यातल्या दोन वाचवता येतात. संख्येला ४ ने भागून बाकी ३ असेल तर क सम असतो, बाकी १ असेल तर विषम. १००७ ची बाकी ३, म्हणून फक्त ३२, ३४, ३६ तपासायचे. उरलेल्या आकड्याच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर तो वर्ग असूच शकत नाही, पुढे चला. एवढ्या दोन सवयी लावल्या तरी निम्म्याहून जास्त काम वाचतं.

पण अवयव एकमेकांपासून दूर असले की ही रीत उघडी पडते. समजा एखाद्या एवढ्याच मोठ्या संख्येचा एक अवयव २९ असता, तर दुसरा ३५ हजारांच्या घरात जातो. त्यांची सरासरी साडेसतरा हजारांवर, आणि सुरुवात १०११ पासून. निम्मे आकडे गाळले तरी आठ हजारांवर पायऱ्या. म्हणून वर्गात नियम असा ठेवा: आधी ५० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घ्या, त्या पंधराच आहेत, मग वर्गांच्या वजाबाकीच्या दहा-बारा पायऱ्या करा. तरी नाही सुटलं तर संख्येला ३ ने गुणून पुन्हा तेच करून पाहा. एक अवयव दुसऱ्याच्या साधारण तिप्पट असेल तर गुणल्यामुळे दोघे जवळ येतात.

उदाहरण ७४८००१. सरळ गेलात तर ८६५ पासून ९९९ पर्यंतचे विषम आकडे, ६८ पायऱ्या. ३ ने गुणा: २२४४००३. १४९८ चा वर्ग २२४४००४, फरक १. म्हणजे १४९७ × १४९९, आणि १४९७ = ३ × ४९९. झालं, ७४८००१ = ४९९ × १४९९.

बँकांच्या ऑनलाइन व्यवहारांतली १९७७ ची आरएसए ही मजकूर गुप्त ठेवण्याची पद्धत मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या याच अडचणीवर उभी आहे. तिथे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो, अवयव गुप्त. २५० अंकांची अशी एक संख्या २०२० मध्ये फोडली गेली, ती अनेक संगणकांना कामाला लावून. आज वापरात असलेल्या किल्ल्या (म्हणजे असे उघड गुणाकार) साधारण ६१७ अंकी असतात. दोन मूळ संख्या जवळजवळच्या घेतल्या तर आपण फळ्यावर केलं तेच कोणीही करेल, म्हणून त्या एकमेकींपासून पुरेशा दूर निवडतात.

१००९ आणि १०१३ मूळ आहेत हेही तपासायला हवं, नाहीतर उत्तर अर्धवट. ३७ चा वर्ग १३६९, म्हणून ३१ पर्यंत पाहिलं की पुरे. २, ३, ५ नजरेनेच जातात. पुढच्यांसाठी भागाकार नकोत, शेजारच्या संख्या वापरा: १००१ = ७ × ११ × १३, १००३ = १७ × ५९, १००७ = १९ × ५३, १०१२ = ४ × ११ × २३, १०१५ = ५ × ७ × २९, ९९२ = ३१ × ३२. आता १००९ आणि १००१ यांतला फरक ८, त्याला ७, ११, १३ ने भाग नाही. १००३ पासून ६, त्याला १७ ने नाही. १००७ पासून २, १०१२ पासून ३, १०१५ पासून ६, ९९२ पासून १७, कुठेच जमत नाही. १०१३ साठी हेच फरक १२, १०, ६, १, २, २१. तिथेही नाही. दोन्ही मूळ.

आता बक्षिसाचा भाग.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातात १ मिळवून गुणाकार: २ चा घात २, ३ चा घात २, बाकी चौघांचा १. म्हणून ३ × ३ × २ × २ × २ × २ = १४४. मुलं घातांची बेरीज करतात किंवा १ मिळवायला विसरतात. तो १ म्हणजे ‘हा अवयव घेतलाच नाही’ हा पर्याय, हे ३६ च्या नऊ विभाजकांवर करून दाखवलं की डोक्यात बसतं. १४४ ची यादी करायची असेल तर एकेक शोधू नका: ३६ चे नऊ (१, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६), ७७ चे चार (१, ७, ११, ७७) आणि १०२२११७ चे चार (१, १००९, १०१३, १०२२११७) घेऊन तक्ता भरा. एकही सुटत नाही. यांतले विषम ४८, सम ९६. १४४ ऐकायला खूप वाटतात, पण शंभर कोटींच्या आत विभाजकांचा उच्चांक १३४४ आहे आणि तो ७३,५१,३४,४०० या संख्येकडे आहे. तिच्यात १७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आहेत, आपल्या संख्येत ५ सुद्धा नाही.

विभाजकांची बेरीज: (१ + २ + ४) × (१ + ३ + ९) × ८ × १२ × १०१० × १०१४. पहिले चार गुणून ८७३६, शेवटचे दोन १०१२ चा वर्ग वजा ४, म्हणजे १०२४१४०. गुणाकार ८९४६८८७०४०. त्यातून संख्या स्वतः वगळली तर ६११३५७८७१६ उरतात, दुपटीहून जास्त. नुसतं ‘स्वतःहून जास्त’ एवढंच दाखवायचं असेल तर हा खटाटोप नको. १२ ने भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येचं असंच होतं, कारण १२ चे स्वतः सोडून विभाजक १ + २ + ३ + ४ + ६ = १६.

१ पासून २८३३३०८३२४ पर्यंत हिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? २ × ६ × ६ × १० × १००८ × १०१२ = ७३४४६९१२०. शेकडा २६ च्या आसपास.

पूर्ण वर्गाचा प्रश्न तर १०२२११७ चं कोडं सुटण्याआधीच संपला होता. वहीत जपून ठेवलेली ओळ आठवा: ७ एकदाच येतो. वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीने हवा. शेवटचे अंक ३२४ (१८ चा वर्ग) आणि अंकबेरजेतून ९, या दोन्ही खुणा वर्गाला शोभणाऱ्या आहेत, पण त्या फक्त नकार द्यायला कामाच्या, होकाराला नाहीत. ताळा हवा असेल तर ५३२२८ चा वर्ग २८३३२१९९८४ आणि ५३२२९ चा २८३३३२६४४१, आपली संख्या मधेच पडते. वर्ग करायचाच तर किमान ७८७०३००९ ने गुणावं लागेल.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नाही. ४ ने भागून ३ उरणारा मूळ अवयव विषम घातात असेल तर ते अशक्य असतं, आणि इथे ७ व ११ असे दोन आहेत. फसवी जागा ही की ७७ ला ४ ने भागून १ च उरतो. म्हणून एकेक अवयव तपासायचा, गुणाकार नाही. पण १०२२११७ मात्र लिहिता येते, आणि दोन रीतींनी. १००९ = २८ चा वर्ग + १५ चा वर्ग, १०१३ = २२ चा वर्ग + २३ चा वर्ग. सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने यांचा गुणाकार करा: एकदा २८ × २२ − १५ × २३ = २७१ आणि २८ × २३ + १५ × २२ = ९७४, दुसऱ्यांदा चिन्हं उलटून ९६१ आणि ३१४. दोन्ही जोड्यांच्या वर्गांची बेरीज १०२२११७ येते. ९६१ म्हणजे ३१ चा वर्ग, म्हणून ही संख्या ३१ चा चौथा घात अधिक ३१४ चा वर्ग अशीही लिहिता येते. याचा पुढे कशाला उपयोग नाही, पण मुलांना हेच सगळ्यात आवडेल.

एवढ्या आकडेमोडीत उतरवतानाची चूक हमखास होते. नवाचा ताळा (अंकबेरीज) अंकांची अदलाबदल पकडत नाही: ८३२४ ऐवजी ८३४२ लिहिलं तरी बेरीज ३६ च. म्हणून ११ चा ताळाही लावा, उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा. बरोबर संख्येला ० येतो, चुकीच्या २८३३३०८३४२ ला −४. शेजारच्या अंकांची अदलाबदल यात सापडते, एक अंक सोडून झालेली मात्र यातूनही निसटते. तेव्हा दर भागाकारानंतर उलटा गुणाकार करून घ्यायचा.

पुढची संख्या तुम्हीच तयार करणार असाल तर ३६२१५०२८० द्या. ३६० आधी निघून जातो, उरलेल्या १००५९७३ ला १००३ पासून सुरुवात केली की फरक ३६ येतो. विभाजक ९६.